रिकामं पुस्तक कोण परत करतं

रविवार, ११ जानेवारी २०२६

ती. आक्कास धैर्यशीलचा नमस्कार. दिवाळीपासून तुला ना पत्र ना फोन, याची आधी माफी मागतो. (कारणं तीन-चार सुचली होती; एकही खरं वाटेना, म्हणून देत नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? मलकापुरात थंडी आहे का? इथे आहे, तरी मी सकाळपासून तीनदा वाचनालयात जाऊन कपाटं बघून आलो. रिकामीच आहेत.

मुळापासून सांगतो, नाहीतर दोष कुणाचा हे मलाच कळणार नाही. आपलं वाचनालय सुरू झालं बशीरभाईंच्या वडिलांच्या शिलाईच्या दुकानात. गिऱ्हाईक काजं होईपर्यंत पेपर वाचत बसायचं. (कपडे उशिरा द्यायची सोय म्हणूनच त्यांनी पेपर लावला, असंही म्हणतात.) मग गावच्या विकास सोसायटीची खोली मिळाली, कपाटं आली, आणि यंदा दसऱ्याला शेजारी महिलांची वेगळी खोली झाली. बशीरभाई अध्यक्ष, मी सचिव. बायका येतील का, या काळजीने मला झोप नव्हती. त्या आल्या, आणि उरलीसुरली झोपही गेली.

कारण पुस्तक परत करताना कुणी ते नुसतं देईना. बनुकाकूंनी पहिल्याच कादंबरीबरोबर गूळ आणला. बशीरभाईंच्या घरच्या मदिनाबींनी शेंगदाण्याची चटणी. कुणी हरभऱ्याची भाजी, कुणी अंडी. मी सचिव, हे घ्यावं की नाही? घेतलं तर लाच, नाकारलं तर अपमान, खणात ठेवलं तर मुंग्या. शेवटी काकवीची बाटली उलटली आणि बागकामाचं पुस्तक कायमचं मिटलं. तेव्हा मी खिळा ठोकून सूचना लावली: ‘पुस्तकासोबत कोणतीही वस्तू आणू नये. हुकमावरून.’ बशीरभाईंनी ती दोनदा वाचली. म्हणाले, “सेक्रेटरी, ह्ये मुंग्यांसाठी लिवलंय का मानसांसाठी?” मी हसलो नाही. हसायला हवं होतं का, हे अजून ठरवतो आहे.

त्या दिवसापासून महिलांच्या खोलीत एकही पुस्तक परत आलेलं नाही. येत्या गुरुवारी जिल्ह्याहून तपासणी आहे. ‘क’चा ‘ब’ वर्ग व्हायचा तर साहेबांना कपाटात पुस्तकं आणि खोलीत बायका दिसायला हव्यात. नाहीतर ती खोली खताच्या पोत्यांसाठी मागायला सोसायटी टपलेलीच आहे.

म्हणून मी घरोघर फिरलो. बनुकाकू म्हणाल्या, अजून वाचून व्हायचंय. आणि माझा चहा होईपर्यंत शेजारणीला शेवट सांगत होत्या. मदिनाबी तेवढ्या स्पष्ट बोलल्या. “आवं भाऊ, शेजारणीची वाटी तरी कवा रिकामी धाडतो व्हय आमी? आन ह्ये तर अख्खं पुस्तक. तुमी न्हाई म्हनलासा, मग कुठल्या तोंडानं यावं?” मी पदवीधर माणूस, घरी आलो आणि थेट तुला लिहायला बसलो.

तुझा,
धैर्यशील

ता. क. मुख्य काम राहिलं. दिवाळीत तू या खोलीतून नेलेलं पुस्तक अजून तुझ्याकडेच आहे. बुधवारी ते घेऊन ये, आणि रिकामं आणू नकोस. चार बायकांदेखत मी ते दोन्ही हातांनी घेईन, म्हणजे बाकीच्यांना वाट मोकळी होईल. तुझ्या चकल्या चालतील. गूळ नको. (पत्र बशीरभाईंचा मतीन उद्या कराडला जाताना देईल.)

ता. क. २. हे पत्र क्रांतीने वाचलं. बायकोने काही बोलावं अशी माझी तयारी होती, पण तिने फळीवरून तुझा स्टीलचा डबा काढून समोर ठेवला, तोच, दिवाळीच्या करंज्यांचा. रिकामा कसा धाडायचा म्हणून तो राहिला, आणि तो राहिला म्हणून मी तुला फोन करायला लाजत राहिलो. एवढं कारण मात्र खरं. आलीस की डबा भरून मिळेल. आत कुणाचा गूळ आहे ते विचारू नकोस.

उद्याचं काम: सूचना काढून त्याच खिळ्याला पिशवी अडकवणे.