लीना कुठे आहे?

कायिंदी, कारागांडाजवळ
ता. ६ नोव्हेंबर १९९४

चि. राइनहोल्ड यास ओटिलीताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं छापील व्याख्यान पोचलं. धर्मशास्त्राचा एवढा मोठा प्राध्यापक झालास, तरी ताईला विसरला नाहीस, ऊर भरून आला बघ. आमच्याकडे अजून पाद्री नाहीच. लढाईच्या साली आम्हा जर्मन लोकांना हद्दपार करून इथे आणलं, तेव्हापासूनची तीच रीत, रविवारी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जमायचं आणि एखाद्या बाईनं जुनं प्रवचन वाचायचं. बाकी सगळे जर्मनीला गेले, उरलो आम्ही तिघी म्हाताऱ्या. या रविवारी मी मोठ्या तोऱ्यात प्रवचन म्हणून तुझं व्याख्यान वाचलं.

माणसाची जाणीव वाढते तसा ख्रिस्ती धर्मही वाढतो, आधी भीती, मग नियम, मग प्रेम, इथवर दोघी माना डोलावत होत्या. पुढे तू लिहिलंयस की स्वर्ग ही माणसाच्या बालपणीची भाषा. मेलेले वर कुठे राहत नाहीत, आपल्या जाणिवेत राहतात. बेर्टाचा नवरा आणि दोन्ही मुलगे इथल्याच मातीत आहेत. तिनं विचारलं, हे तुझ्याच भावानं लिहिलंय का. मी हो म्हटलं. ती डोक्याला रुमाल बांधून निघून गेली, चहासुद्धा घेतला नाही.

अरे शहाण्या, मग माझी लेक लीना कुठे आहे? इथल्या पहिल्याच हिवाळ्यात गेली पोर, तेव्हा तू आठ वर्षांचा. जमीन दगडासारखी. तू शेण्या गोळा करून आणल्यास, त्या पेटवून माती मऊ केली, तेव्हा कुठे खड्डा खणता आला. बर्फ वितळवून त्या पाण्यानं मीच तिला बाप्तिस्मा दिला होता. ती फक्त माझ्या मनात असेल, तर मी मेले की ती पुन्हा मरणार. सरळ उत्तर दे, प्राध्यापकी नको.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

हानोव्हर
ता. २८ नोव्हेंबर १९९४

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

ताई, तू अगदी मनाला लावून घेऊ नकोस. ते विद्यार्थ्यांसाठी होतं, नुसती पुस्तकी चर्चा. लीना देवाजवळच आहे, आपल्या बाबांच्या मांडीवर बसून तुझी वाट बघतेय. तुझं काहीच चुकलं नाही. बेर्टाताईंनाही असंच सांग. कॉफी आणि लोकरीचे मोजे पाठवले आहेत. कोळसा आहे ना घरात? गुडघ्यांना जप.

तुझ्या आशीर्वादाचा भुकेला,
राइनहोल्ड

कायिंदी
ता. १८ डिसेंबर १९९४

चि. राइनहोल्डला अनेक आशीर्वाद.

कॉफी छान आहे. मोजे मला घट्ट होतात, बेर्टाला दिले. मोजे घेतले तिनं, पण रविवारी यायची बंद झालीय ती झालीच.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. फार गोड लिहिलंस रे. त्या खड्ड्यापाशी तू मला विचारलं होतंस, लीना देवाकडे नक्की पोचेल ना. मी तुझ्या थोबाडीत मारली होती, आठवतं? कारण मला पक्कं ठाऊक होतं. तुलाही तसंच ठाऊक असतं, तर तू मला रागावला असतास, असं विचारवतं तरी कसं म्हणून ओरडला असतास. पण तू नुसती माझी समजूत घातलीस.

आज प्रार्थनेत मेलेले पुन्हा उठतील ही ओळ आली आणि माझा आवाजच फुटेना. आमच्यातल्या तिसरीनं, एमिलीनं, ती एकटीनं म्हटली. तिला वाटलं घसा बसलाय, तिनं मध घालून चहा दिला. मी तो पिऊन टाकला. खरं सांगायची हिंमत झाली नाही, तिचंही लेकरू लीनाजवळच पुरलंय.

लोभ असू दे, आणि जमलं तर पुढच्या पत्रात मला रागाव.
तुझी ताई