माइंड म्हणजे मन नव्हे

९ एप्रिल १९५४, चांदा

"इंग्रजीत काही मागायचं तर आधी वाकावं लागतं, मागणं मागून येतं." आरमोरीला असताना वडील म्हणायचे. आज मिशनच्या इस्पितळात गोऱ्या डॉक्टरीणबाईंपुढे तेच आठवत उभी होते.

ह्यांचा पाय गुडघ्याखाली काळानिळा. मोहफुलांचे दिवस, जंगलात गस्तीवर असताना अस्वलानं धरला. तापातही थट्टा चालूच. "अस्वल काही न बोलता चावलं. तुझी डॉक्टरीण एवढं बोलते काऊन?" मग एकदम माझं मनगट धरून, "पाय कापू देऊ नको. काही झालं तरी."

हो म्हटलं.

१० एप्रिल

पट्टी सोडली. वास. बाई म्हणाल्या, "आय ॲम अफ्रेड." डॉक्टरच घाबरली तर आम्ही कुणाकडे...

मग फार हळू, फार गोड आवाजात, "वुड यू माइंड इफ वी टुक द लेग ऑफ?"

टुक ऐकून दचकले. भूतकाळ. पण पाय तर समोर होता. माइंड म्हणजे मन. पाय काढायचं मन आहे का, असं विचारतात. कसं असेल? "नो," म्हटलं. उद्धट वाटू नये म्हणून "थँक यू" जोडलं. बाईंनी खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, समजून घेतलं.

ह्यांना सांगितलं, नको म्हणून आले. हसले. बऱ्याच दिवसांनी नीट झोपले.

११ एप्रिल

सकाळी सगुणा आया म्हणाली, "उद्या पेज नोका आनू बाई. उपाशीच टेबलावर घेऊन राह्यले ना."

"कशासाठी?"

"पाय नाई का कापाचा? तुमीच तं कबूल केलं म्हनते."

मराठी बोलणाऱ्या सिस्टर आजच रजेवरून आल्या. त्यांच्या मागे धावले. त्यांनी शब्दन् शब्द विचारून घेतला आणि कपाळावर हात मारला. "अवं बाई, माइंड म्हणजे हरकत. हरकत आहे का विचारलं, तुम्ही नाही म्हटलं. वरून आभार मानले."

"आणि टुक?"

"अदबीनं विचारताना तसंच म्हणतात."

अफ्रेडही तसंच. वाईट बातमीच्या आधी लावायचं. म्हणजे बाई घाबरलेल्या नाहीत. एकटी मीच.

म्हटलं, मग सांगा त्यांना, माझं उत्तर चुकलं. सिस्टर म्हणाल्या, "सांगतो. पण विष वर चढून राह्यलं. आता थांबलं तर पाय नाई, माणूस जाईल."

नका सांगू, म्हटलं. माझ्याच तोंडून गेलं.

दुपारभर पंख्यानं माश्या वारत बसले. मी गोष्टी लिहिते, त्यांतल्या माणसांना हवं ते बोलायला लावते. इथे एक शब्द जमत नाही. गप्प राहिले तर ह्यांना औषध हुंगवून झोपवतील. जाग आल्यावर हात चादरीखाली जाईल. मग माझ्याकडे बघतील. ते बघणं...

पण बघतील तरी.

१२ एप्रिल, सकाळ

सिस्टरना विचारलं, ह्यांनी स्वतः नको म्हटलं तर? "मग बाई हात नाई लावत. माणूस शुद्धीवर आहे, त्याचा पाय आहे."

न सांगता नेणं मला जमणार नाही. सांगितलं तर...

इंग्रजीत बरं असतं. वुड यू म्हणायचं, क्रियापद भूतकाळात ढकलायचं, आडून विचारायचं. घरच्या माणसाशी तसं कसं बोलू? इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांच्याकडे काही मागताना 'कृपया' म्हटल्याचं आठवत नाही.

सगुणा पायाखालची चादर बदलते आहे. हे जागे आहेत. "पेज कुठी आहे?" विचारतात.

हट्टी माणूस. नाहीच म्हणतील. तरी आता जाऊन उशाशी बसते आणि सरळच विचारते. अहो, पाय जाऊ द्या, तुम्ही राहा. एवढं माझं ऐकाल?