पितळी टोपीची काठी

पप्पा, गेल्या वर्षी तुमच्या दहाव्या पुण्यतिथीच्या प्रार्थनेला, मिस्सेनंतर चर्चमध्येच, मी तुमच्याविषयी चार शब्द बोलले, त्यातलं एक वाक्य खोटं होतं. मी म्हणाले, "पप्पांच्या हातातली काठी फक्त वेदीवरच्या मेणबत्त्या पेटवायला होती." लोकांनी माना डोलावल्या. त्यांतल्या निम्म्यांनी लहानपणी तीच काठी पाठीवर खाल्ली होती.

माणसाहून उंच काठी. टोकाला वात, आणि ज्योत विझवायची पितळी टोपी. मिस्सा सुरू झाली की तुम्ही ती घेऊन मागे उभे राहायचात. पुढे जाजमावर बसलेल्या पोरांत मी तुमचा डोळा होते. कुणी हसलं की मी डोक्यावरचा रुमाल सारखा करायचे आणि त्या बाजूला मान वळवायचे. मग काठी यायची. हे तुम्हीच मला स्वयंपाकघरात शिकवलं होतं, प्रार्थना पाठ करून घेताना, एका चुकीला एक थप्पड देत.

मी लहान असतानाच्या एका रविवारी पापडीच्या आपल्या आळीत भाड्याने राहायला आलेलं कुटुंब पहिल्यांदाच चर्चला आलं. आई मागच्या बाकावर बसली आणि तिची चार वर्षांची मुलगी माझ्या शेजारी जाजमावर. फादरांनी पवित्र भाकर वर उचलली. सगळं चर्च गप्प. मुलगी माझ्या कानात म्हणाली, "एवढीशी चपाती?" आणि मी हसले. मोठ्याने. मी, पप्पा, ती नाही. मागून तुमची पावलं ऐकू येतात. माझा हात रुमालाकडे जातो. माझी मान तिच्याकडे वळते.

टोपी तिच्या कानावर बसली. कान फाटला. रक्त तिच्या फ्रॉकवर, माझ्या गुडघ्यावर. तुम्ही तिला दंडाला धरून फरफटत दाराकडे नेलंत. आईने धावत येऊन तिचा दुसरा हात धरला आणि पोर तुम्हा दोघांमध्ये ताणली गेली.

"सोडा तिला! जीव घेता काय?"

"देवाच्या घरात खिदळते! पोरं सांभाळता येत नाहीत तर आणता कशाला?"

तिने पायातली चप्पल काढून तुमच्या तोंडावर मारली. तुम्ही काठी तिच्या पाठीत घातलीत, एकदा, मग पुन्हा. कुणीही उठलं नाही. एक काकी तेवढी म्हणाली, "मिस्सा चालू आहे बाई, बाहेर जा ना." ते कुटुंब महिन्याभरात आळी सोडून गेलं.

दुपारी मम्मी चुलीपाशी म्हणाली, "चार टाके पडले पोरीला." तुम्ही तिच्या हातातला डाव हिसकावून तिच्याच मनगटावर हाणलात. मग माझ्या ओंजळीत पांढऱ्या मण्यांची रोजरी ठेवलीत. "माझी पोर. बरोबर दाखवलंस." ती मी अजून वापरते.

आता नवे फादर म्हणतात, "पोरं रडली तर रडू दे, चर्च म्हणजे काय वाचनालय आहे?" ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारपासून मुलांची मिस्सा सुरू होतेय, आणि दारात उभं राहून लेकुरवाळ्यांना आत घ्यायचं काम माझ्याकडे आलंय. आळीतले एक काका परवा हसत म्हणाले, "तुझे पप्पा असते तर शिंकायचीसुद्धा टाप नव्हती कुणाची!" मीही हसले. काठी अजून वेदीमागच्या खोलीत कोपऱ्यात उभी आहे.

गेल्या महिन्यात तुळिंजच्या बाजारात मी ब्लाऊज शिवायला टाकला. माप घेणारी बाई तीच, त्या पोरीची आई. मशीनवर वाकलेल्या तरुण मुलीने एका बाजूचे केस कानावर ओढून घेतले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मी पावती घेऊन निघाले.

त्यांना न सांगता दारात उभी राहिले तर मी कुणाला या म्हणणार? पण खरी भीती दुसरीच आहे. काल मुलांच्या मिस्सेसाठीच्या गाण्याच्या तालमीत एक मुलगी खिदळली. मी तिचा दंड धरला. सोडला तेव्हा माझी चार बोटं त्यावर उमटली होती. ती रडली नाही, माझ्या हाताकडे बघत राहिली. हे मी फादरांना सांगितलेलं नाही. फक्त तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही.

हे पत्र प्रार्थनेच्या पुस्तकात राहील. पावतीवर ब्लाऊज मिळायची तारीख शनिवारची आहे, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवसाची. दुकान दहाला उघडतं. कोण हसलं होतं, ते मी त्यांना या शनिवारी सांगणार आहे.