काही न विचारणारा डबा

बेर्शेबा, जुलै २००३

प्रिय शाय,

मराठी वाचायला तुला वेळ लागेल, लागू दे. हिब्रूत मला नीट रागावता येत नाही, आणि आज मला रागवायचंच आहे. हैफाच्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलास म्हणून आपल्या घरच्या कॉम्प्युटरची वाट लावायचा परवाना तुला कुणी दिला?

तो डबा तूच युनिव्हर्सिटीच्या भंगारातून उचलून आणलास. आईच्या हृदयाचं दुखणं निघालं होतं, उन्हाळ्यात तिला गार खोलीतच ठेवा म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. शुक्रवारच्या सांजेपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ, तेव्हा आपण विजेच्या बटणाला हात लावत नाही, म्हणून खोली गार करणारा मझगान आपोआप चालू-बंद व्हावा अशी ती सोय. वीज जोडणारे-तोडणारे रिले माझे, फॅक्टरीतल्या सवयीचे, प्रोग्राम तुझा. स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो होतो आपण. डब्यात हे घालू का, ते घालू का, सिस्टिमची डिस्क विचारत होती आणि तू सगळ्याला नाही म्हणत होतास. खेळ नको, चित्रं नको, प्रिंटर नको. जे ठेवलंच नाही ते बिघडत नाही, हे तूच मला शिकवलंस. आई म्हणाली, पेसाखच्या सणाआधी मी कपाटं रिकामी करते तसंच चाललंय तुम्हा बापलेकांचं. शेवटी उरली काळी पाटी आणि पांढरी अक्षरं. तीन उन्हाळे त्या डब्यानं आम्हाला एक शब्द विचारला नाही.

मग शावुओतच्या सणाला तू नवी सिस्टिम घेऊन आलास. आईला तुझ्या बाळाचे, एडनचे फोटो दिसावेत म्हणून. दिसले, नाही म्हणत नाही. पण फोटोंच्या मागून काय काय शिरलं घरात! पडद्यावर पोहणारे मासे, जगभरचं हवामान, पत्ते, गाण्यांची पेटी. बिचाऱ्या डब्याचा पंखा दमेकऱ्यासारखा घरघरायला लागला. मी बोललो तर तू हसलास. पप्पा, आता जागेला काय तोटा, म्हणालास. अरे, जागा आहे म्हणून काय दिवाणखान्यात उंट आणून बांधायचा?

गेल्या शुक्रवारी आईनं शब्बाथचे दिवे लावले, आम्ही जेवायला बसलो, आणि डब्याला स्वतःची सुधारणा करायची हुक्की आली. आपणच बंद झाला, आपणच सुरू झाला, आणि एक चौकट काढून बसला. तुमचे स्पीकर कुठल्या प्रकारचे? आपल्याकडे स्पीकरच नाहीत! उत्तर मिळेपर्यंत तुझा प्रोग्राम काही सुरू होईना, आणि मझगान गप्प. रात्र खिडक्या उघडून काढली. शनिवारी दुपारी वाळवंटाचा गरम वारा सुटला. शब्बाथला परधर्मी माणसालाही कामाचं सरळ सांगायचं नाही, नुसतं सुचवायचं, तुला ठाऊकच आहे. म्हणून वरच्या मजल्यावरच्या रशियन ल्युदाकडे गेलो आणि आमच्याकडे फार गरम होतंय म्हणालो. तिनं मोठ्या मायेनं गार कलिंगड कापून हातात दिलं.

ते घेऊन खाली आलो तर आईचे ओठ निळे पडलेले. जिवापुढे शब्बाथ नाही, हे आपला धर्मच सांगतो. मी कळ दाबली. तर मेल्यानं दुसरा प्रश्न काढला, नाव नोंदवायचं आहे का म्हणून! सगळ्या वायरी उपटल्या, मझगान थेट भिंतीत लावला आणि ॲम्ब्युलन्स बोलावली.

हो, ॲम्ब्युलन्स. तुझा फोन आला तेव्हा सगळं ठीक आहे असं मी खोटं सांगितलं, ती तेव्हा इस्पितळात होती. डोळे उघडल्यावर तिचं पहिलं बोलणं काय, तर "शायला सांगू नका. किती प्रेमानं बसवलं त्यानं." काल तिला घरी आणलं. फोन तिच्या उशाशी असतो, म्हणून हे पत्र. हृदय फार थकलंय, पुढच्या उन्हाळ्याचं डॉक्टर काही सांगत नाहीत. तिला फोटो नको होते रे. दर शुक्रवारी माशाच्या कढीतली एक तुकडी ती तुझ्यासाठी वेगळी काढते, आणि शनिवारी रात्री मी ती खातो. डबा मी पुन्हा साधा करून घेईन, त्याची काळजी नको. डिस्क आणू नकोस, भेटवस्तू आणू नकोस. एडनला कडेवर घे आणि नुसता ये.

रागावलेला, तरी तुझाच,
पप्पा