भेगेवरची काच

३ मार्च, सोमवार
माझ्या खोलीचा कोपरा चार बोटं खचलाय म्हणे. म्हणे! मी तर खूश आहे, फरशी पुसली की पाणी आपलं आपण कोपऱ्यात जातं. लेकाने मिस्त्री आणला. त्याने भिंतीच्या भेगेवर काचेची पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने चिकटवली. म्हणाला, महिनाभर काच टिकली तर पाया थांबलाय. मग फरशीला भोकं पाडून पंपाने खाली सिमेंट भरू, कोपरा येईल वर. तडकली तर पाया अजून खचतोय, खोली पाडायची. म्हणजे मी वरच्या मजल्यावर, सुनेच्या शिलाई मशीनशेजारी. नको गं बाई! चाळीस वर्षं ह्या खिडकीत बसतेय, अख्ख्या गल्लीची खबर आधी मला. काच टिकणार. माझा शब्द.

९ मार्च
काच तडकली. पायाचा काय दोष, काचच तकलादू. शिवाय सून रोज दोरीवरच्या उड्या मारते. तिला म्हटलं, घर हलतं तुझ्याने. तर म्हणते, आई, मी गच्चीवर मारते. मग गच्ची काय शेजाऱ्यांची आहे?

१० मार्च, दुपारी
फोटोफ्रेमवाल्याकडून तस्सीच पट्टी कापून आणली, लावली. ही लबाडी नव्हे. दुरुस्तीच म्हणायची.

१७ मार्च
दुसरी गेली. तिसरी लावली. फ्रेमवाला विचारतो, आजी, एवढे चिंचोळे फोटो कुणाचे? आगाऊ मेला.

२४ मार्च
तिसरीही! आता डोकं चालवलं. नातीच्या दप्तरातली प्लास्टिकची पट्टी, आरपार दिसणारी. वाकेल पण मोडायची नाही. चौथी शिकले, पाचवीला गेले असते तर इंजिनियरच झाले असते.

३ एप्रिल
मिस्त्री आला. वाकून बघतच राहिला. म्हणाला, आजी, काचेवर आकडे कसे उगवले? मी म्हटलं, मला काय विचारता, लावली तुम्ही. लेकाने कपाळावर हात मारला. पट्टीचं एक टोक सिमेंटमधून सुटून सरकलं होतं. मिस्त्रीने वाचलं, चार मिलिमीटर. दहा दिवसांत, माझ्या तोंडून निसटलं. म्हणाला, काच नुसतं हो की नाही सांगते, तुम्ही तर माप काढून ठेवलंत. एवढं कौतुक ह्यांनी जन्मात केलं नाही माझं.
खोली पाडायचं ठरलं.

६ एप्रिल
वरच्या मजल्यावर. खाली सकाळपासून घण पडताहेत. इथून गल्ली दिसत नाही, पाण्याची टाकी दिसते. टाकीवर तीन कावळे. त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. काहीतरी झालंय नक्की.