दुसऱ्यांदा मरण्याआधीची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय दातांच्या कवळ्या तयार करणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाला न जुमानता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. मी जिवंत आहे, हेही इथे नमूद करते. वकीलबाई म्हणाल्या, ते लिहायची गरज नसते, मृत्युपत्र लिहिणारा जिवंत आहे हे कायदा धरूनच चालतो. पण आमच्या पंथाने मला बावीस वर्षांपूर्वी मृत जाहीर केलेलं आहे, आणि माझा भाऊ त्या जोरावर उद्या कोर्टात उभा राहिला तर मला आश्चर्य वाटणार नाही. तो काहीही करू शकतो. फक्त विचार करू शकत नाही.

सगळ्यांची नावं आणि पत्ते वकीलबाईंनी शेवटच्या पानावर जोडले आहेत. मी मात्र ज्याला जशी हाक मारते तसंच लिहिणार.

कलम पहिले. माझं राहतं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची खिडकी, माझ्या भाचीला मिळावं. भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. अट एकच: या घरात कधीही प्रार्थनागृह होऊ नये. दादाने, म्हणजे माझ्या भावाने, या जागेवर फार पूर्वीपासून डोळा ठेवला आहे. भिंत पाडली तर चाळीस माणसं बसतील, असं त्याने माझ्यादेखत पावलांनी मोजून ठेवलं होतं. तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. अर्थात त्याच्या लेखी मी मेलेली होते, त्यामुळे मला विचारण्याचा प्रश्न नव्हता.

मी मेले कशी, ते इथे सांगणं भाग आहे, नाहीतर पुढची कलमं वाचणाऱ्याला कळायची नाहीत.

माझे वडील पंथाचे प्रमुख होते. आमच्या घरात रेडिओ नव्हता, वर्तमानपत्राची चित्रं असलेली पानं बाबा आधीच कापून टाकत, आणि गाणं गुणगुणलं तर जेवण बंद. शाळेतून येताना थिएटरचा फलक लागायचा, तिथे आम्ही भावंडं मान खाली घालून चालायचो. बाबा सांगायचे की त्या दारातून आत गेलेला माणूस परत येतो तेव्हा तो नुसता माणसाच्या आकाराचा असतो. मी हे खरं मानलं. लग्न झालं नाही. पंथात मला साजेसा मुलगा नव्हता असं दादा म्हणतो, आणि इतक्या वर्षांत त्याने बोललेलं हे एकच वाक्य मला पटलं आहे. कवळ्यांच्या कारखान्यात नोकरी करायला परवानगी मिळाली, कारण दात हा विषय त्यांना निर्मळ वाटला.

कारखान्यात आम्ही सहाजणी. त्या पाचजणी दिवसभर सिनेमातली वाक्यं एकमेकींना मारायच्या आणि हसायच्या. मीही हसायचे, जरा उशिराने. मग एका सकाळी त्या सगळ्या रडत होत्या आणि मालकांनी शटर अर्धं ओढलं होतं. कोणीतरी गेलं होतं. मी त्यांच्यातल्या पॉलिशवालीच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, तुझे कोण लागायचे गं? तिने डोळे पुसले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "अगं, तू राहतेस कुठे?"

तो एक नट होता. देशातल्या लहान पोरालाही तो ठाऊक होता. मला एकोणपन्नास वर्षांच्या बाईला ठाऊक नव्हता.

त्याच दुपारी मी त्या दारातून आत गेले. त्या नटाचाच जुना सिनेमा होता. त्याला खोट्या आरोपाखाली तुरुंगात टाकतात, आई धाय मोकलून रडते आणि दिवे लागतात. मी उठले आणि घरी आले. मला वाटलं, संपलं. कित्येक दिवस मला त्या माणसाच्या काळजीने झोप नव्हती. इतका चांगला माणूस, तुरुंगातच राहिला. शेवटी मी पॉलिशवालीपाशी मन मोकळं केलं, तर ती हातातली कवळी टाकून खाली बसली आणि पोट धरून हसली. तिनेच मला थिएटरच्या ऑपरेटरकडे नेलं. त्या माणसाने सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं, मला तिकीट न घेता आत बसवलं आणि म्हणाला, "बाई, मध्यंतर असतं. पुढे तो सुटतो."

तो सुटला. पण तोवर मला आत जाताना कोणीतरी पाहिलं होतं.

पंथातून काढायचं झालं की आमच्याकडे त्या माणसाचा शोक करतात. सगळे जमतात, प्रमुख मृत्यूची घोषणा वाचतो आणि त्यानंतर त्या माणसाशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही. माझी घोषणा बाबांनी स्वतः वाचली. मी बाहेर अंगणात उभी राहून ऐकली. त्यांच्या तोंडात मीच केलेली कवळी होती. उच्चार अगदी स्वच्छ आले. कामात खोट निघाली नाही, एवढं समाधान मला त्या दिवशी मिळालं.

कलम दुसरे. माझी आरामखुर्ची आणि सिनेमांच्या सगळ्या कॅसेट आणि तबकड्या ऑपरेटरला द्याव्यात. मी एकटी राहू लागल्यावर त्याने मला शिकवायला घेतलं. शिक्षक म्हणून तो भयंकर होता. सगळं क्रमाने बघायचं, मधलं काही गाळायचं नाही आणि रडण्याच्या जागी रडायचं. मी खूप बघितलं. जुळे भाऊ हरवतात आणि एका गाण्यावरून सापडतात, ते बघितलं. पाच गोळ्या लागलेला माणूस पंधरा जणांना मारून मग आईच्या मांडीवर जातो, ते बघितलं. ज्याला बाबा नरकाचं दार म्हणायचे त्याच्या आत काय निघालं, तर एक जाडा माणूस साबणावरून पुन्हा पुन्हा घसरत होता. याच्यासाठी मला अर्धं आयुष्य कोंडून ठेवलं, हा विचार येऊन मला जो संताप यायचा तो सिनेमा वाईट असला की दुप्पट व्हायचा. चांगला असला की तिप्पट.

ऑपरेटर म्हणतो, मी सगळं भरून काढलं. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी हो म्हणते. पॉलिशवालीला एखादं गाणं लागलं की तिला बस थांबा आठवतो, कोणाची तरी सायकल, एक निळा ड्रेस. मला तेच गाणं लागलं की कॅसेटचं दुकान आठवतं. मी पन्नाशीत ते गाणं पाठ केलं, पण त्याला चिकटायला माझ्याकडे काही नव्हतं. हे नुकसान ज्यांनी केलं त्यांना मी माफ केलेलं नाही, आणि माझ्या पश्चात कोणी माझ्या वतीने करू नये.

कलम तिसरे. माझा टीव्ही दादाला द्यावा. तो समोरून बघावा.

याचा खुलासा असा. बाबा गेल्यावर दादा प्रमुख झाला आणि दर आठवड्याला घराचा विषय काढायला येऊ लागला. मेलेल्या माणसाशी बोलायचं नाही, म्हणून तो माझ्याकडे पाठ करून भिंतीशी बोलायचा. त्या भिंतीला काचेचं कपाट आहे, आणि काचेत टीव्ही लख्ख दिसतो. तेव्हा संध्याकाळची एक मालिका जोरात होती. थोरल्या सुनेवर दीर चोरीचा आळ घेतो आणि ती परदेशी निघून जाते, असलं काहीतरी. दादा जागेच्या कागदांवर बोलत असायचा आणि सून रडू लागली की त्याचं वाक्य अर्ध्यात थांबायचं. मग आठवडाभराचं राहिलेलं कळावं म्हणून तो भिंतीला विचारायचा, "माणसं आजकाल देश सोडून का जातात, कोण जाणे." मी टीव्हीला सांगायचे, दिराने कागद बदलले म्हणून. असं आमचं बहीणभावाचं बोलणं वर्षभर चाललं.

मग भाची कचेरीतल्या मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेली आणि पकडली गेली. पिशवी घेऊन ती माझ्याकडे आली. चोवीस वर्षांची मुलगी, पण दार उघडं असून आत येईना. आपण मेल्यावर आई आपल्याकडे बघणार नाही, एवढंच ती परत परत म्हणत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा दोन ज्येष्ठांना घेऊन आला. तिघे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दादाने भिंतीला सांगितलं की मुलीला बाहेर पाठवावं, तिने सर्वांसमोर पदर पसरला तर ठीक, नाहीतर प्रार्थनेनंतर तिचा शोक होईल.

मी भाचीला म्हणाले, "चहा टाक चौघांचा. आणि हो, काल थोरली सून गेली बरं का. अपघातात."

दादा गर्रकन वळला. इतक्या वर्षांत प्रथमच त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं. "कशी जाईल?" तो म्हणाला. "ती तर परदेशात आहे."

दोन्ही ज्येष्ठ भिंत सोडून दादाकडे बघू लागले. दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो चपला घालून गेला, एका पायात दुसऱ्याची. त्याच्या मागून एक ज्येष्ठ गेले. दुसरे, पांढऱ्या दाढीचे, दारात रेंगाळले आणि चौकटीला हळूच म्हणाले, "खरंच गेली का हो ती?"

नाही, सुखरूप आहे, मी म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला.

भाचीचा शोक झाला नाही. कधी झाला नाही. दादा अजून प्रमुख आहे, आणि दर आठवड्याला टीव्हीविरुद्ध बोलतो. आता घरी बसून काय बघायचं ते बघ, दादा.

कलम चौथे. माझी हत्यारं, मेणाच्या सुऱ्या, चिमटे आणि पॉलिशचं यंत्र, पॉलिशवालीला द्यावीत. ती मला हसली म्हणून मी तिच्यावर महिनाभर रुसले होते. जगात मला तोंडावर हसणारी ती पहिलीच. बाकीचे माझ्यासाठी प्रार्थना करायचे.

कलम पाचवे. बँकेत असेल ते भाचीचं. पंथाने देणगी मागितली तर मृत सभासदाकडून देणगी कशी घेता, असं विचारावं.

कलम सहावे. माझ्या अंत्यविधीत प्रार्थना नको. माझी एकदा झाली आहे आणि ती फार लांबली होती.

कलम सातवे, आणि शेवटचे. हे माझ्या धाकट्या बहिणीबद्दल.

धाकटी पंथ सोडणार नाही. तिच्यात ते धाडस नाही, आणि मी तिला त्यावरून पुष्कळ बोलले आहे, मनातल्या मनात. मागच्या वर्षी ती कारखान्यात आली. न बोलता खुर्चीत बसली आणि तोंडाकडे बोट दाखवलं. खालचे सगळे दात गेले होते. मी माप घ्यायचा ट्रे तिच्या तोंडात बसवला. लगदा घट्ट होईपर्यंत तोंड हलवायचं नसतं, त्यामुळे तिला बोलता येणार नव्हतं आणि नियमही मोडणार नव्हता. आम्ही दोघी तशाच बसलो. रेडिओ चालू होता. जुनं गाणं होतं, आमच्या लहानपणीच्या काळातलं, तेव्हा आम्ही न ऐकलेलं. धाकटीचा पाय ठेका धरत होता. मी बघितलं नाही असं दाखवलं. मग लक्षात आलं, कडवं सुरू व्हायच्या आधीच तिचा पाय थांबायचा. गाणं तिला पाठ होतं.

ट्रे काढल्यावर तिने तोंड पुसलं आणि रेडिओकडे बघत म्हणाली, "हे तुझ्या खिडकीतून ऐकू येतं. मी बाजारातून त्याच रस्त्याने येते."

तिचं घर बाजाराच्या दुसऱ्या टोकाला आहे. माझा रस्ता तिच्या वाटेवर नाही, कुठल्याच वाटेवर नाही.

म्हणून भाचीने असं करावं: संध्याकाळी बाजार उठायच्या वेळेला रेडिओ खिडकीत ठेवावा आणि मोठ्याने लावावा. पावसातही खिडकी लावू नये. खाली कोण उभं आहे ते वाकून बघू नये. ती वर आली तर दार उघडावं, आणि तिला काही विचारू नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. पहिल्या वेळी सवड मिळाली नव्हती.

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल.
दिनांक: एकवीस, महिना फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळ.

सही: (लिहून ठेवणारी)

साक्षीदार: आम्ही दोघांनी लिहून ठेवणारीला आमच्यासमोर सही करताना पाहिलं. ती शुद्धीवर होती. रेडिओचा आवाज कमी करायला सांगितला, तिने केला नाही.

१. सही (दातांचे डॉक्टर)
२. सही (खालच्या मजल्यावरची इस्त्रीवाली)