नळाच्या दिवशी गळणारं मशीन

आई, तू गेल्यावर या घरात कॉफीचं मशीन आलंय. भावाने पुण्याहून पाठवलं, कारण तुझ्या फिल्टरचं डिकॉक्शन मला कधी जमलं नाही आणि अप्पा हल्ली कॉफीशिवाय सकाळची गोळी घेत नाहीत. तू बिदरकडची, कॉफीवाली. तू होतीस तेव्हा हेच अप्पा "कडू काढा" म्हणून नाक मुरडायचे. आता कप समोर नसला की तोंड घट्ट मिटून घेतात. म्हणून मशीन गळायला लागलं तेव्हा माझं धाबंच दणाणलं.

आधी वाटलं, आपल्या लातूरच्या पाण्याचे क्षार बसले असतील. लिंबूसत्व घालून धुऊन काढलं, रबरी वायसर बदलला. चार दिवस कोरडं राहायचं, मग एका सकाळी पुन्हा ओट्यावर तळं. दुकानदाराने सगळं खोलून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, ह्यात कायबी बिघाड न्हाई. तुमीच जास्त भरायलाव का?" मी चिडलेच. शाळा, स्वयंपाक, अप्पांचा दवाखाना, आणि वर हे. थकलेय गं मी.

आज उजाडताना नळ आला. नळाच्या दिवशी घरातलं भांडं न् भांडं भरायचं, हा तुझा कायदा. एकदा एक तांब्या रिकामा राहिला म्हणून तू मला दप्तरासकट फाटकातून परत बोलावून झापलं होतंस. मी स्वयंपाकघरात जाते तर अप्पा तिथे उभे. हंडा, कळशी, वाट्या, चहाचे कपसुद्धा काठोकाठ भरलेले, आणि तांब्याने ते मशीनच्या टाकीत पाणी ओततायत, खुणेच्या वर, पार ओसंडेपर्यंत.

"अप्पा, काय करायलाव हे?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. तुझी माय उठंल. एक बी भांडं रिकामं दिसलं तर मला बोलंल."

डॉक्टर विचारायचे तेव्हा मी 'वयामुळे थोडं विसरतात' एवढंच सांगत आले. आता त्यांना खरं सांगावं लागेल, भावालाही. फार भीती वाटते. तेव्हा मात्र मी टाकीतलं जास्तीचं पाणी बादलीत काढलं, ओटा पुसला, कॉफी केली, गोळी दिली. ती त्यांनी मुकाट्याने घेतली.

हे लिहून मी पाठवणार तरी कुठे? पण तुला म्हणून सांगते, तेवढा वेळ मीही एकसुद्धा भांडं वाजू दिलं नाही.